सर्व्हरची खंडेनवमी

माधवनगर,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय विश्वजित,

चार माणसांत मी तुला 'अहो' म्हणते आणि फोनवरही 'अहो'च म्हणते, कारण तुझा फोन आला की लेकाचा आवाज ऐकायला आत्याबाई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात. पत्रात मात्र 'तू' म्हणणार. लग्नानंतर तू पहिल्यांदा पलटणीत परत गेलास तेव्हा आपलं असंच ठरलं होतं, आठवतंय ना? पुढे मोबाईल आले, पत्रं थांबली, आणि त्यांच्याबरोबर तो 'तू'ही थांबला. आज तो पुन्हा बाहेर काढलाय, कारण जे सांगायचंय ते 'अहो'मध्ये मावणारं नाही.

परवा फोनवर तू म्हणालास, शीतगृहाच्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड दादांना देऊन टाक आणि विषय संपव. मी गप्प राहिले, मग तुझी रेंज गेली. आता तुमच्या घराण्यात बाई गप्प बसली म्हणजे तिने हो म्हटलं असं धरायची पद्धत आहे, म्हणून लेखी कळवते की तो होकार नव्हता. का नव्हता तेही सांगते. तुझ्यापर्यंत इथली हकिकत पोचते ती दादांकडून, आणि दादा सांगतात छान, त्यात वाद नाही. पण त्या हकिकतीत मी फक्त चुका करायला येते. आज जरा माझ्याकडूनही ऐक. पत्र लांबलं तर लांबू दे, वर बर्फात तुला दुसरं वाचायला तरी काय असतं.

आबांनी मला ऑफिसात बसवलं तेव्हा तू रजेवर इथंच होतास. भाऊबंद कुजबुजले होते की सून कशाला, माणसं कमी पडली काय. आबा म्हणाले, थोरला द्राक्षबागेत, धाकटा फौजेत, आणि ही पोरगी लग्नाआधी शिरवळच्या कारखान्यात मालाची आवक-जावक बघत होती, मग हिला भाकऱ्या थापायला ठेवू काय. मला ते बोलणं इतकं आवडलं होतं की मी त्या संध्याकाळी आनंदाने जास्तीच्या भाकऱ्या थापल्या. तेव्हापासून शेतकरी बेदाणा घेऊन येतो, आपण त्याचे बॉक्स थंड चेंबरमध्ये लावतो, भाव आला की तो काढून नेतो, आणि कुणाचा लॉट कुठल्या चेंबरात, कुठल्या रांगेत आहे हे सांगायचं काम माझं. आबा गेल्यावरही माझंच. पण ज्या यंत्रात हे सगळं होतं, तो सर्व्हर, तो मागच्या खोलीत कुलपात असायचा आणि त्या खोलीची किल्ली दादांच्या बंडीच्या खिशात. ते बागेतून येणार, चहा घेणार, खोली उघडणार, मग माझं काम सुरू. यंत्र मध्येच अडकलं तर पुन्हा दादांना निरोप. बागेत औषध मारणी चालू असली तर गाडी घेऊन आलेले शेतकरी आणि मी, आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.

यंदा ते यंत्र इतकं म्हातारं झालं की सकाळी सुरू व्हायलाच कुरकुर करायला लागलं. तेव्हा मी साबेराला बोलावलं. साबेरा मुजावर मिरजेची, तिथल्या बऱ्याच दवाखान्यांचे कॉम्प्युटर तीच बघते. तिने सरळ सांगितलं की नवा डबा घेऊ नका, सगळं क्लाउडवर टाका. म्हणजे आपल्या नोंदी मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने ठेवायच्या आणि इंटरनेटवरून कुठूनही, फोनवरूनसुद्धा, बघायच्या. एका शीतगृहात तिने 'क्लाउड'चं मराठी करून सांगितलं होतं म्हणे. समोर बसलेले बेदाणावाले दचकून आभाळाकडे बघायला लागले. तेव्हापासून ती इंग्रजीच शब्द वापरते.

दादांना न विचारता केलं असं तुला कळवलं गेलंय. विचारलं होतं. तुला माहीत आहे, दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत, थोरल्या दिराने भावजयीशी बोलायचं नाही म्हणून. मी आत्याबाईंना सांगायचं, आत्याबाईंनी दादांना सांगायचं, आणि दादांनी भिंतीकडे बघून उत्तर द्यायचं. तेव्हा ते भिंतीला म्हणाले होते की करू द्या, आठ दिवसांत हात जोडून मागं येत्याल. ह्याला मी परवानगी धरली. तुम्ही माझं गप्प बसणं होकारात धरता, तर मी हे का धरू नये?

साबेराने नवरात्रात काम काढलं. माल कमी हलतो, आणि दिवाळीच्या मालाची उचल सुरू व्हायच्या आत सगळं मार्गी लागावं म्हणून. जुन्या वर्षांपासून एकेक नोंद वर जात होती, यंदाचा हंगाम सगळ्यात शेवटी. नवमी-दशमीला शीतगृह बंद, तेवढ्यात ते आपोआप उरकेल असा तिचा हिशेब. यंत्र बंद करायचं नाही, एवढं एकच तिने बजावलं होतं. मी मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी लिहून यंत्रावर चिकटवली आणि घरी आले, कारण घट, नैवेद्य, सवाष्णी, तुला माहीतच आहे नवमीला आपल्याकडे किती माणूस जेवतं.

आणि नवमी म्हणजे खंडेनवमी. आबांच्या तलवारीपासून बागेतल्या छाटणीच्या कात्रीपर्यंत सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला. ट्रॅक्टरला झेंडू, वजनकाट्याला झेंडू. कॉम्प्रेसर बंद करता येत नाहीत, तर ते चालू असतानाच त्यांना लांबून कुंकू. दरवर्षी सर्व्हरचीही पूजा व्हायची हे मला माहीत होतं, पण त्या खोलीत मी कधी नसायचे, म्हणून पूजा नेमकी कशी होते ते ठाऊक नव्हतं. तर ती अशी होते, गड्याने नंतर सांगितलं. दादांनी आधी यंत्र बंद केलं. गड्याने चिठ्ठी दाखवली, तेव्हा म्हणाले, "आमच्या घरात नवमीला हत्यार चालत न्हाई. ह्यो डबा म्हंजे आमचं हत्यारच हाय." मग ओल्या फडक्याने तो पुसला, जाळीवर हळद-कुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. आणि शेजारी जी छोटी बॅकअपची डिस्क असते, तिच्यात सगळ्या नोंदींची दुसरी प्रत, ती लहान आणि चौकोनी, हातात बसण्यासारखी. ती त्यांनी ताम्हणात ठेवली, आबांची अंगठी आणि किल्ल्यांचा जुडगा होता त्यातच. भटजींनी मंत्र म्हणत सगळ्यावर पळीपळीने पंचामृत सोडलं.

विश्वजित, हसायला येतंय ना? मलाही आता येतं. तेव्हा नाही आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं, तर आतून एक घरघर झाली आणि ते कायमचं शांत झालं. साबेरा मिरजेहून आली. तिला वाटलं होतं दोन दिवस इकडे वीजच नसेल. तिने झाकण उघडलं, तर आत वर्षानुवर्षांचं कुंकू पंख्याने ओढून थापलेलं. एकेक वाळकी पाकळी ती चिमट्याने काढत राहिली. बॅकअपच्या डिस्कला दह्याचा वास येत होता. ती पुण्याला पाठवली, तिथल्या लोकांनी महिना सांगितला आणि भरवसा दिला नाही. वर काय पोचलं होतं? गेल्या सगळ्या वर्षांचा माल, जो कधीच लोकांच्या शिऱ्यात-खिरीत संपला. आणि जो बेदाणा खरोखर आपल्या चेंबरात पडलेला, त्याची जागा कुणालाच माहीत नाही. शेतकऱ्याकडे पावती असते, पण पावतीवर किती बॉक्स आले ते असतं. हंगामात चेंबरातून चेंबरात माल किती वेळा हलतो हे तू रजेत पाहिलंयस.

त्या दिवशी घरात बैठक बसली. दादा, चुलते, दोन भाऊबंद, आणि दारात मी. ठरलं असं की यंत्र जागचं हलवायला काढलं म्हणून ते कोपलं. नवा सर्व्हर आणायचा, मागच्या खोलीतच बसवायचा, किल्ली दादांकडे, आणि सूनबाईंनी आता घरात लक्ष घालावं, लेकीची, पूजाची, दहावी आहे. मला सांगावं लागत नाही की पूजाची दहावी आहे. तिचा अभ्यास मीच घेते, आणि सहामाहीत तिला गणितात वर्गात सगळ्यात जास्त मिळालेत, हे तुला ह्या गडबडीत कुणी कळवलं नसेल. बैठकीत कुणी पंचामृताचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. भटजी, देव आणि थोरले दीर ह्यांच्याविरुद्ध एकाच वेळी बोलायला मी काही वेडी नाही. मी एवढंच म्हणाले की दिवाळीची उचल सुरू व्हायच्या आत प्रत्येक बॉक्स सापडेल, आणि सापडेल तो क्लाउडवरच. नाही सापडला तर मी आपण होऊन घरी बसेन. चुलते म्हणाले, बोलून मोकळं व्हायला काय जातंय. बरोबर आहे, माझी खुर्ची जात होती, त्यांचं काहीच नाही.

आता ऐक कसं केलं. प्रत्येक बॉक्सवर शेतकऱ्याचं नाव आणि लॉटचा नंबर असतो. तो कुणीतरी चेंबरात जाऊन वाचायचा, इतकंच काम, पण सगळ्या चेंबरांत, छतापर्यंत लावलेल्या रांगांत, आणि त्या थंडीत. हमाल म्हणाले, आमी माल उचलतू, वाचत न्हाई. मग मी बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांना विचारलं. त्यांच्या पोरांच्या शाळेचे, बचत गटाचे, माहेरचे सगळे कारभार फोनवरच चालतात. साबेराने त्यांच्या फोनवर एक सोपं पान करून दिलं. बॉक्सचा फोटो काढायचा, चेंबर आणि रांग दाबायची, की नोंद थेट वर. अंजनामावशींनी दोन बॉक्स करून बघितले आणि म्हणाल्या, एवढंच व्हय, मला वाटलं काय तरी असंल.

आत शिरताना जिला जे मिळेल ते घातलं. कुणी नवऱ्याचा स्वेटर, कुणी घोंगडं, कुणी दोन साड्या एकावर एक. मी तुझा तो जुना फौजी कोट घातला आणि कानटोपी. तू विचारतोस ना, माझ्याशिवाय काय करतेस. तर तुझा कोट घालून थंडीत उभी असते, तुझ्यासारखीच. बोटं बधिर झाली की बाहेर यायचं, आत्याबाईंनी पाठवलेला सुंठीचा चहा प्यायचा, परत आत. हो, चहा आत्याबाई पाठवत होत्या. बैठकीत त्या दादांच्या बाजूला बसल्या होत्या, आणि किटली माझ्याकडे येत होती. दादांनाही ते दिसत असणार.

शेतकऱ्यांपासून मी काही लपवलं नाही. सगळ्यांना कळवलं की आमच्या नोंदी बुडाल्यात, तुमचा माल सुखरूप आहे, शोधतोय. भाऊबंद म्हणाले, गेली आता अब्रू. एक-दोघांनी तोंडाला येईल ते ऐकवलंही. पण जतकडचे अमृतअण्णा, ज्यांच्या जिभेला आबाही वचकून असायचे, ते दुसऱ्या दिवशी आपले बॉक्स ओळखायला स्वतः आले. चेंबरात मफलर गुंडाळून हिंडले आणि जाताना म्हणाले, "पोरी, खरं सांगिटलंस, बरं वाटलं. आता काढ हुडकून." त्यांच्यामागे आणखी आले. काही बॉक्सांची नावं पुसट झाली होती, ती त्यांनी अक्षरावरून, दोरीच्या गाठीवरून सांगितली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेवटचं चेंबर संपलं. पहिला व्यापारी गाडी घेऊन आला तेव्हा मी त्याचा लॉट फोनवर काढून दाखवला आणि हमालाला रांग सांगितली. बॉक्स तिथेच होते. मी ऑफिसात जाऊन दार लावलं आणि रडले, आणि मग तोंड धुऊन पुढची गाडी घेतली.

इथपर्यंत दादा नाराज होते, पण गप्प होते. बिघडलं ते ह्यापुढे. सगळं वर गेल्यावर मी प्रत्येक शेतकऱ्याला त्याचा स्वतःचा माल त्याच्या फोनवर बघायची सोय करून दिली. किती बॉक्स आहेत, कुठे आहेत, कधी किती गेले. लोकांना ते लय आवडलं. आणि व्हरांडा रिकामा पडायला लागला. तुला तो व्हरांडा माहीत आहे. संध्याकाळी दादा खुर्ची टाकून बसायचे आणि माणसं कमरेत वाकून विचारायची की दादासाहेब, आमचा माल किती राहिला बघता का. मग दादा खिशातून किल्ली काढायचे. आता किल्ली आहे, पण खोलीत आत काही नाही. गुरुवारी मी खिडकीतून पाहिलं, ते एकटेच बसले होते आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं, ते मोठे आहेत, बागेत त्यांच्या हाताला यश आहे, आबांच्या आजारपणात त्यांनी केलं तसं कुणी करणार नाही. पण त्यांना कुणीतरी विचारावं म्हणून जतच्या माणसाने दिवस मोडून इथवर यावं, हे मला पटत नाही. त्यांच्या मानासाठी मी दुसरं काहीही करीन. हे नाही करणार.

दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसात आले. आत्याबाई नव्हत्या, गडीही नव्हता. मला वाटलं नेहमीसारखं भिंतीला सांगतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं. "संयोगिता, ही खुर्ची विश्वजितची हाय. त्यो पेन्शन घिऊन गुढीपाडव्याला घरी यायचाय. तवर तू राखलीस, लय उपकार झालं. आता त्ये पासवर्ड काय असंल त्ये माझ्याकडं दे, आन् ऊठ." मी कधी नव्हे ती त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "दादा, राखायला दिली नव्हती. मला दिली होती." आणि उठले नाही. समोरच्या गाडीचा गेटपास पूर्ण केला. ते आल्या पावली परत गेले. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, पासवर्ड देऊन टाक, विषय संपव.

तर तू पेन्शन घेऊन येतोयस. कागद घातलेस, तारीख ठरली, कुठल्या खुर्चीत बसायचं तेही ठरलं, आणि हे मला थोरल्या दिराकडून कळलं. ज्या बाईने तुझी इतकी वर्षं दिवस मोजून वाट पाहिली तिला एवढी बातमी सांगायची नाही? मला भयंकर राग आलाय, विश्वजित, आणि त्याच्याखाली तितकाच आनंद झालाय, आणि दोन्हीचं काय करायचं ते न कळून मी हे पत्र लिहायला बसले. ये. लवकर ये. पण मी उठावं म्हणून येऊ नकोस. तूच मला हसत सांगायचास की पलटणीत कोवळा लेफ्टनंट आला की खांद्यावर तारे असले तरी वर्षभर त्याला सुभेदारसाहेबांचं ऐकावं लागतं. इथली सुभेदार मी आहे. आज सकाळी मी क्लाउडवर तुझ्या नावाचं खातं उघडलं. त्यात तुला सगळं दिसेल, प्रत्येक चेंबर, प्रत्येक लॉट, काही लपवलेलं नाही. बदल मात्र काही करता येणार नाही, एक हंगाम माझ्याशेजारी बसून काम शिकेपर्यंत. दादांनाही मी तसंच खातं दिलंय, त्यांनी अजून उघडलेलं नाही. तुझं उघडशील तेव्हा ते आधी तुला नवा पासवर्ड ठरवायला लावेल. तो फक्त तुला माहीत असेल, मलाही दिसणार नाही, आणि मी तो तुला कधी विचारणार नाही. तूही माझा विचारू नकोस.

वाट बघणारी, आणि खुर्चीतून न उठणारी,
तुझीच
संयोगिता